जंगलाच्या आराखड्यात स्त्रियांचे तास आणि स्त्रियांची नावे: कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन शब्द महाराष्ट्रातील वनसंवर्धनाच्या कामात इतके रुळले आहेत की त्यांचा खर्च कोणाच्या नावावर चढतो, हे विचारण्याची सवयच राहिलेली नाही. ठराव होतो, गावाजवळचे जंगल बंद होते, पाच-सहा वर्षांत फुटवे माणसाच्या उंचीचे होतात आणि पाहणीला आलेले पाहुणे समाधानाने परत जातात. त्याच पाच-सहा वर्षांत गावातील बाई सरपणाच्या मोळीसाठी पलीकडच्या जंगलात जात राहते, शेळ्यांच्या पाल्यासाठी वेगळी खेप करते आणि धाकट्यांना सांभाळायला थोरल्या मुलीला शाळेतून घरी ठेवते. जंगल वाचले हे खरेच. परंतु ते वाचवण्याची किंमत तिने मोजली आणि ती कोणत्याही अहवालात आली नाही.

ही मार्गदर्शिका ग्रामसभा, स्वयंसेवी संस्था, वनविभागाचे क्षेत्रीय कर्मचारी आणि हवामानविषयक प्रकल्पांचे प्रस्ताव लिहिणारे यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून पूर्व विदर्भ, म्हणजे प्रामुख्याने गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे घेतले आहेत, कारण सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा व सांभाळण्याचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या आणि आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा स्वतः करणाऱ्या ग्रामसभा तेथे मोठ्या संख्येने आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हापासून या भागात जंगलाचा कारभार हा गावाचा कारभार झाला. कारभार गावाचा झाला की तो गावातील स्त्रियांचाही झाला, असे मात्र आपोआप घडत नाही. त्यासाठी आराखड्यातील प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावे लागतात: या कामात कोणाचे किती तास जाणार आहेत, आणि या कामाच्या कागदावर कोणाचे नाव लागणार आहे? पुढे जे काही सांगितले आहे, ते या दोन प्रश्नांचाच विस्तार आहे.

कायद्यात आधीच काय आहे

समानतेचे कलम नव्याने शोधण्याची फारशी गरज नाही, कारण असलेली कलमेच पुरेशी वापरली जात नाहीत. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये ग्रामसभेची व्याख्या करतानाच स्त्रियांच्या पूर्ण व अनिर्बंध सहभागाचा उल्लेख आहे. कलम ४(४) नुसार विवाहित व्यक्तीचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावयाचा असतो आणि एकटी व्यक्ती प्रमुख असलेल्या कुटुंबात तो त्या व्यक्तीच्या नावे नोंदवावयाचा असतो. म्हणजे विधवा, परित्यक्ता किंवा घर एकटीने चालवणारी अविवाहित स्त्री ही स्वतंत्र दावेदार ठरते. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे वनहक्क समिती १० ते १५ सदस्यांची असते आणि त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी (कोरमसाठी) एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. जैवविविधता व्यवस्थापन समितीतही एकतृतीयांश स्त्रियांची अट आहे. जेथे अजून संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत, तेथे केंद्राच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात: सर्वसाधारण सभेत निम्म्या सदस्य स्त्रिया, कार्यकारी समितीत ३३ टक्के, आणि अध्यक्ष, उपाध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद स्त्रीकडे.

आंतरराष्ट्रीय निधीच्या बाबतीतही तेच. कानकुन येथील २०१० च्या हवामान परिषदेच्या निर्णयाने वनविषयक राष्ट्रीय धोरणांत स्त्री-पुरुष समानतेचा विचार करावयास सांगितले, २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत तो विषय आला आणि हरित हवामान निधी प्रत्येक प्रस्तावासोबत स्त्री-पुरुषविषयक परीक्षण व कृती आराखडा मागतो. त्यामुळे प्रस्तावांत या विषयाचे एक प्रकरण हमखास असते. अडचण अशी की ते बहुधा शेवटी, निधी मागण्याच्या घाईत, जंगलाची कामे ठरून गेल्यावर लिहिले जाते आणि त्यात शिवणयंत्रे व पापड-लोणची यांपलीकडे फारसे काही उरत नाही. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की स्त्रियांशी चर्चा झाल्याशिवाय कामांची यादी तयार करावयाची नाही.

आराखड्यापूर्वी वर्ष मांडा

चर्चेची सुरुवात प्रश्नावलीने करू नये. वर्षाचे कॅलेंडर मांडून करावी. अंगणात बारा महिन्यांचे बारा चौकोन आखावेत आणि प्रत्येक महिन्यात जंगलातून काय येते, ते कोण आणते, किती वाजता निघते आणि किती वाजता परतते, हे खडे किंवा बिया ठेवून दाखवायला सांगावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, त्याच सुमारास चारोळी, पुढे मोहाच्या बिया, पावसाळ्याच्या तोंडावर रानभाज्या, मग भाताची रोवणी, हिवाळ्यात बांबू. आणि या सर्वांखाली वर्षभर न थांबणारे सरपण व पाणी. हा तक्ता स्त्रियांनी वेगळा व पुरुषांनी वेगळा करावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवावेत. दोघांनी एकमेकांच्या कामाचे तास कमी धरलेले दिसतात आणि त्यावर जो वाद होतो, तो त्या दिवसाचा सर्वांत उपयोगी भाग असतो. तो मिटवण्याची घाई करू नये.

नकाशाचेही तसेच आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावाची शीव, देवस्थाने, नाले व जुन्या वाटा नोंदवल्या जातात, आणि ते काम सामान्यतः पुरुष करतात. स्त्रियांसोबत शिवारफेरी केली तर उन्हाळ्यातही ओलावा धरणारा झरा, कंद मिळणारा उतार, वाळलेली लाकडे जेथून आणली जातात तो पट्टा, रानभाज्यांची ठिकाणे आणि प्रत्येक मोहाच्या झाडाखाली फुले कोण वेचते याची परंपरेने चालत आलेली वाटणी नकाशावर येते. या नोंदी दाव्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, कारण वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब नियमांनुसार पुराव्यात धरले जातात आणि वडीलधाऱ्या स्त्रियांचे जबाब घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा पट्टा रोपवनासाठी बंद करावा असे ठरू लागले की तो पट्टा कोणाच्या सरपणाचा होता, हे कागदावरच दिसते.

हे करताना ‘गावातील महिला’ असा एकच गट धरू नये. जमीन असलेल्या घरातील सून, भूमिहीन दलित कुटुंबातील मजूर स्त्री, माडिया किंवा गोंड आजी आणि मुलांसह माहेरी परतलेली परित्यक्ता यांचे जंगलाशी नाते वेगवेगळे असते. सरपण विकून जगणारी बाई सभेत सहसा येत नाही. तिच्याकडे स्वतः जावे लागते. कुऱ्हाडबंदीचा पहिला फटका तिलाच बसणार असल्याने, तिच्याशी बोलणे झाल्याखेरीज तो ठराव मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभा कशी घ्यावी

ग्रामसभेत स्त्रिया येत नाहीत, ही तक्रार जितकी जुनी आहे, तितकीच सभेची वेळ न बदलण्याची सवयही जुनी आहे. संध्याकाळी सातची सभा म्हणजे स्वयंपाकाची वेळ. मोहाच्या हंगामातील सकाळची सभा म्हणजे त्या दिवसाच्या उत्पन्नावर पाणी. वेळ स्त्रियांनी ठरवावी, सूचना दोन-तीन दिवस आधी दवंडीने आणि बचत गटांमार्फत द्यावी, आणि सभेच्या जागी लहान मुलांना सांभाळण्यासाठी कोणालातरी मजुरी देऊन नेमावे. कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्याकडे पाहण्यासाठी एका स्त्री मजुराला नेमण्याचा पायंडा मनरेगाने घालून दिला. तोच सभेला लावण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदोपत्रीच होते. तिचा खरा उपयोग करावयाचा असेल तर जंगलासंबंधीचा प्रत्येक विषय आधी या सभेत ठेवावा आणि तेथील निर्णय मुख्य सभेत वाचून दाखवावा. स्त्रिया मुख्य सभेत एकेकट्या बोलण्यास कचरतात, परंतु आपल्या सभेने केलेला ठराव त्या एकमुखाने उचलून धरतात.

दोन गोष्टी बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याच्या सहज नजरेआड जातात. पहिली भाषा: गोंडी, माडिया किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या वयस्क स्त्रियांना कार्यालयीन मराठी कळत नाही, आणि ‘व्यवस्थापन आराखडा’ हा शब्द तर मराठी बोलणाऱ्यांनाही समजावून सांगावा लागतो. सभेत बोलीतून सांगणारी व्यक्ती हवी आणि ती शक्यतो गावातीलच स्त्री असावी. दुसरी गोष्ट कुर्माघराची. गडचिरोलीतील अनेक आदिवासी गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहतात आणि त्या दिवसांत सभेलाही येत नाहीत. या प्रथेवर बोलण्याची वेळ व जागा वेगळी आहे. परंतु महत्त्वाचा ठराव एकाच बैठकीत उरकला तर काही स्त्रिया दर वेळी बाहेर राहणार, हे गृहीत धरून तो दोन बैठकांत, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने घ्यावा आणि पहिल्या बैठकीला न आलेल्यांचे म्हणणे दुसऱ्या बैठकीत नोंदवावे.

गणपूर्तीसाठी सभा संपल्यावर घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या व अंगठे घेण्याची पद्धत अनेकांनी पाहिली असेल. ती बंद करण्याचा सोपा उपाय ठराव वहीतच आहे. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिली जातात. वर्षाअखेर वही उघडून इतकेच मोजावे की जंगलाविषयीच्या ठरावांपैकी किती ठरावांची सूचक स्त्री होती आणि त्यांपैकी किती अमलात आले. हजेरीचे आकडे फुगवता येतात. सूचकाचे नाव फुगवणे अवघड असते, कारण पुढच्या सभेत लोक तिलाच विचारतात.

संख्येचा प्रश्न मात्र दुय्यम समजू नये. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील सामुदायिक वनसमित्यांचा अभ्यास करून दाखवून दिले की कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांशापर्यंत पोहोचले की त्या अधिक नियमितपणे येऊ व बोलू लागतात, आणि जेथे स्त्रियांचे प्रमाण जास्त होते तेथे जंगलाची स्थितीही अधिक सुधारलेली आढळली. एकदोन स्त्रियांची नेमणूक करून त्या बोलत नाहीत असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कोरची तालुक्यातील महाग्रामसभेने प्रत्येक ग्रामसभेतून दोन स्त्रिया आणि दोन पुरुष प्रतिनिधी घेण्याची रीत ठेवली. तालुका पातळीवरच्या संघात जागा अशा जोडीने ठरल्या की ‘योग्य महिला मिळाली नाही’ या सबबीला वाव राहत नाही.

वणवा आणि मोह

हवामान कार्यक्रमांत वणवा नियंत्रणाला मोठे स्थान असते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो आणि त्यातच मोहाचा हंगाम येतो. मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, आणि ती आग कधीकधी पसरते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे ‘जंगल जाळू नका’ असा फलक आणि दंडाची भीती. आता याच कामाला पहिला प्रश्न विचारून पाहा. पाला न जाळता झाडून बाजूला करावयाचा तर प्रत्येक झाडामागे वेळ लागतो, आणि तो वेळ पहाटे चारला उठणाऱ्या बाईचा असतो. फलक लावणाऱ्याचा एक मिनिटही जात नाही. ज्या उपायाचा सर्व भार एकीवर पडतो, तो उपाय टिकत नाही. मग आग लागते आणि दोषही तिलाच दिला जातो.

याउलट झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात, वेचण्याचे तास वाचतात, वाकून वाकून होणारी कंबरदुखी कमी होते आणि जाळण्याचे कारणच उरत नाही. येथे दुसरा प्रश्न येतो: जाळी कोणाच्या नावे द्यावयाची? कुटुंबप्रमुखांची यादी काढून वाटप केले तर जाळ्या शेताच्या कुंपणाला किंवा मासेमारीला जाण्याचा संभव असतो आणि एकट्या स्त्रिया यादीतून गळतात. शिवारफेरीत झाडनिहाय तयार केलेली वेचणाऱ्यांची यादी येथे कामास येते. वाटप त्या यादीप्रमाणे, वेचणारीच्या सहीने करावे.

जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढण्याचे आणि आग विझवण्याचे काम मजुरीचे असते आणि ते बहुधा पुरुषांना मिळते. जाळरेषेवरील पाला ओढणे, झाडणे ही कामे स्त्रिया सहज करतात. तीही त्याच दराने हजेरीपत्रकावर यावीत. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून टिपलेल्या आगीच्या सूचना भ्रमणध्वनीवर पाठवते आणि त्यासाठी नोंदणी करता येते. गावातून नोंदवलेले सर्व क्रमांक पुरुषांचे असतील आणि ते दिवसा बाहेरगावी कामाला असतील, तर सूचना पोहोचूनही उपयोग होत नाही. दिवसा गावात आणि जंगलात कोण असते, ते पाहून किमान निम्मे क्रमांक स्त्रियांचे द्यावेत, आणि फोन नसेल तर गटासाठी एक फोन कार्यक्रमाच्या खर्चातून घ्यावा.

चंद्रपूर जिल्ह्यात आणखी एक बाब आराखड्यात असलीच पाहिजे, ती म्हणजे वाघ. मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करणारी माणसे खाली वाकलेली, एकाग्र आणि पहाटेच्या अंधुक उजेडात असतात; हल्ल्यांच्या बातम्यांत त्यांत स्त्रियांची संख्या मोठी दिसते. ‘सूर्योदयानंतरच जा’ हा सल्ला योग्य आहे, पण तोवर फुले गुरे व वन्यप्राणी खाऊन टाकतात. म्हणून सल्ल्यासोबत गटाने जाण्याची व्यवस्था, गस्तीची वेळ वेचणीच्या वेळेशी जुळवणे आणि वाघाच्या हालचालीची माहिती आदल्या संध्याकाळी स्त्रियांच्या गटांपर्यंत पोहोचवणे ही कामे लिहावीत. जंगलात जाणाऱ्यांना ही माहिती मिळाली की नाही, हे वनरक्षकाने नव्हे, तर त्यांनीच सांगावे.

सरपण, रोपवन आणि रिकामी टाकी

कोणत्याही वनक्षेत्रात प्रवेशबंदी करण्यापूर्वी पर्यायी सरपणाची सोय प्रत्यक्षात उभी राहिली पाहिजे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या मिळाल्या, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु जोडणी आणि वापर यांत टाकी पुन्हा भरण्याच्या पैशांचे अंतर आहे, आणि तो पैसा घरात कोणाच्या हातात असतो, यावर चूल बंद होते की नाही हे अवलंबून राहते. म्हणून आराखड्यात ‘गॅसजोडण्या दिल्या’ असा रकाना न ठेवता ‘वर्षात किती वेळा टाकी भरली’ असा रकाना ठेवावा. सुधारित चुली देताना त्या स्त्रियांकडून आधी महिनाभर वापरून घ्याव्यात. ज्या चुलीवर मोठे भांडे बसत नाही किंवा जाड लाकूड फोडावे लागते, ती चूल लवकरच कोपऱ्यात जाते. बंद करावयाचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने घ्यावे, वाळलेले लाकूड उचलण्याचे ठरावीक दिवस ठेवावेत आणि गावाजवळच्या पडीक जागेत लवकर वाढणारी सरपणाची झाडे आधी लावावीत.

रोपवनात कोणती झाडे लावावयाची, हा निर्णय रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर सोडू नये. स्त्रियांच्या सभेत यादी मागितली तर मोह, चारोळी, आवळा, बेहडा, हिरडा, तेंदू, पळस अशी नावे येतात. म्हणजे फळ, फूल, पान किंवा चारा देणारी, न तोडता उत्पन्न देणारी झाडे. कर्ब साठवणीच्या दृष्टीनेही उभे राहणारे झाड हेच हवे असते, त्यामुळे येथे दोन हेतूंत भांडण नाही. वर्ष २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादनातून २.५ ते ३ अब्ज टन कर्बवायूइतकी अतिरिक्त साठवण निर्माण करण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे, आणि ते गाठण्याच्या ओघात मोकळ्या दिसणाऱ्या जमिनींवर सरसकट एकाच जातीची लागवड होण्याचा धोका आहे. मोकळी दिसणारी जमीन अनेकदा शेळ्यांचे चराऊ रान असते. रोपवाटिका महिला बचत गटाला देणार असाल तर पाण्याची सोय आधी करा. डोक्यावरून हंडे वाहून जगवलेली रोपे अहवालात सुंदर दिसतात, पण ते तास पुन्हा तिच्याच खात्यातून गेलेले असतात.

तेंदूपत्ता: नाव कोणाचे, खाते कोणाचे

वनहक्क कायदा आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. हंगाम दोन-तीन आठवड्यांचाच, पण घरातील वर्षाचे मोठे रोख उत्पन्न त्यात असते. पहाटे पाने तोडणे, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेऊन मोजून देणे. या साखळीत तोडणे व बांधणे ही कामे मुख्यतः स्त्रिया आणि मुली करतात, मोजून देण्यास व पैसे घेण्यास पुरुष जातात, आणि कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावे असते. मजुरी आणि नंतर येणारी स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) रक्कम अशा दोन्ही रकमा त्या एका नावामागे जातात.

यावर तोडगा कठीण नाही. कार्ड पती-पत्नी दोघांच्या नावे करावे, किंवा प्रत्येक तोडणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे स्वतंत्र कार्ड काढावे. दुसरा पर्याय मला अधिक बरा वाटतो, कारण त्यात घरातील सासू, सून आणि वयात आलेली मुलगी या प्रत्येकीचे काम वेगळे दिसते. रक्कम ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. संयुक्त खाते असल्यास पैसे काढण्यास दोघांच्या सह्या लागाव्यात. फळीवरील मुनशीचे, म्हणजे पुडे मोजून नोंदवणाऱ्याचे काम निदान काही फळ्यांवर शिकलेल्या मुलींना द्यावे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या पुड्यांचा हिशेब त्याच सर्वांत चोख ठेवतील, कारण ते पुडे त्यांच्या आयांनी बांधलेले असतात. स्वामित्वधनातून गावाच्या सामाईक कामासाठी जो हिस्सा ठेवला जातो, त्याचा विनियोग महिला सभेतून आलेल्या यादीवरून सुरू करावा.

बांबूच्या कामातही हाच तपास करावा. कापणी पुरुषांकडे आणि ओढणे, साफ करणे, मोळ्या बांधणे स्त्रियांकडे असेल, आणि दुसऱ्या कामांचा दर ‘हलके काम’ म्हणून कमी ठेवला असेल, तर तो दर ग्रामसभेने स्वतः ठरवलेला आहे, बाहेरच्या कोणी लादलेला नाही. तेव्हा तो बदलणेही ग्रामसभेच्याच हातात आहे.

अलीकडे कर्ब श्रेयांच्या (कार्बन क्रेडिटच्या) करारांची बोलणी गावांपर्यंत येऊ लागली आहेत. हे करार दीर्घ मुदतीचे असतात आणि त्यांत जंगलाच्या वापरावर बंधने घातलेली असतात. अशा करारावर समितीच्या अध्यक्षाची सही पुरेशी मानू नये. मसुदा बोलीतून वाचून दाखवावा, सरपण, चराई व गौण वनोपज यांवर कोणते बंधन येते ते प्रत्येक महिन्याच्या तक्त्यावर खडे ठेवून दाखवावे, आणि महिला सभेचा स्वतंत्र ठराव झाल्याखेरीज ग्रामसभेने सही करू नये. चुलींच्या बदल्यात मिळणारी श्रेये असतील तर त्यांचा मोबदला चूल वापरणाऱ्या स्त्रीला किती मिळणार, ही रक्कम मसुद्यात आकड्याने लिहिलेली असावी.

गस्त, मानधन आणि नेतृत्व

ओडिशातील काही गावांत ठेंगापाली नावाची रीत आहे: दाराशी काठी ठेवली गेली की त्या दिवशीची जंगलराखण त्या घरावर. काही गावांत ही पाळी स्त्रियांनी घेतली आणि जंगल राखले. अशा उदाहरणांचे कौतुक करताना थोडी सावधगिरी हवी, कारण पुरुषांची गस्त मजुरीची आणि स्त्रियांची गस्त सेवाभावाची, अशी विभागणी नकळत होते. गस्त, जैवविविधता नोंदवहीचे काम, रोपांची मोजणी, प्रशिक्षण यांपैकी ज्या कामाला पुरुषाला मोबदला मिळतो, त्याला स्त्रीलाही तोच मिळाला पाहिजे. आणि सर्वच जण विनामोबदला करत असतील तर त्या दिवशी घरचे काम कोण करते, हे विचारले पाहिजे.

नेतृत्वाचे काम दिले तर ते कसे वाढते, याचे एक उदाहरण जंगलाच्या अगदी वेगळ्या प्रकारातून घेता येईल. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली. होडी वल्हवणे, पाहुण्यांना कांदळाच्या जाती व पक्षी दाखवणे आणि हिशेब ठेवणे ही सर्व कामे त्या स्त्रियाच करतात. कांदळवन टिकले तरच सफर टिकते, त्यामुळे राखण करण्यासाठी त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यांना फक्त खानावळ चालवायला दिली असती तर हे झाले नसते.

सुरक्षिततेचा विचार या ठिकाणी करावा लागतो. लाकूड चोरणाऱ्यांना अडवणाऱ्या किंवा ग्रामसभेत हिशेब विचारणाऱ्या स्त्रीला घरात आणि गावात त्रास होण्याची शक्यता असते. गस्त किमान चार-पाच जणींच्या गटाने, ओळखपत्रांसह आणि वनरक्षकाला आधी कळवून असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रातील मजूर स्त्रियांनाही लागू आहे आणि जिल्हा स्तरावरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्या समितीचा पत्ता व दूरध्वनी रोपवाटिकेत, फळीवर आणि प्रशिक्षणाच्या जागी लावलेला असावा. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्या संस्थेने ती आधी आपल्याच कार्यालयात आहे का, ते पाहावे.

अंदाजपत्रक आणि मोजमाप

समानतेची जी कामे अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीने येत नाहीत, ती होत नाहीत. मूल सांभाळणाऱ्या बाईची मजुरी, बोलीतून समजावणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन, सभेमुळे बुडालेल्या दिवसाची भरपाई, स्त्रियांच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च, मोहाच्या जाळ्या, गटाचे वजनकाटे आणि फोन या बाबी नावानिशी लिहाव्यात. वजनकाट्याचा खर्च किरकोळ वाटतो. पण व्यापाऱ्याच्या काट्यावर मोह किंवा हिरडा विकणाऱ्या बाईला विचारून पाहावे.

मोजमापासाठी मोजकेच निकष पुरेत, परंतु ते सुरुवातीलाच मोजलेले हवेत. सरपण व पाणी यांसाठी आठवड्याला लागणारे तास, पंधरा-वीस वेगवेगळ्या घरांतून, वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात मोजावेत. वैयक्तिक वनहक्काच्या पट्ट्यांपैकी (हक्कपत्रांपैकी) किती पट्ट्यांवर पत्नीचे नाव प्रत्यक्ष छापलेले आहे आणि किती एकट्या स्त्रियांचे दावे मंजूर, प्रलंबित किंवा नामंजूर आहेत, ते पाहावे. तेंदू व बांबूच्या एकूण रकमेपैकी किती रक्कम स्त्रियांच्या खात्यांत गेली आणि ठराव वहीत किती सूचक स्त्रिया आहेत, हे मोजावे. प्रशिक्षणांना आलेल्या स्त्रियांची संख्या लिहावयाची तर लिहावी. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. जंगल वाढले आणि सरपणाचे तासही वाढले, असे आढळल्यास त्या वर्षीची बंदी ग्रामसभेसमोर पुन्हा चर्चेला ठेवावी आणि ती चर्चा महिला सभेपासून सुरू करावी.

ज्या गावात यांपैकी काहीच झालेले नाही, तेथे पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी कराव्यात. वनहक्काचे सर्व पट्टे एका दुपारी चावडीवर मागवून घ्यावेत, प्रत्येक पट्ट्यावरील नावे मोठ्याने वाचावीत आणि जेथे पत्नीचे नाव राहून गेले आहे, तेथे दुरुस्तीचा अर्ज त्याच बैठकीत लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपणाला निघालेल्या स्त्रियांसोबत घड्याळ घेऊन निघावे आणि त्या परत येईपर्यंत परतू नये. येताना एक मोळी आपणही डोक्यावर घ्यावी.